बडग्याला किती गुण?

(नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय ‘कला कशाला म्हणावं’. आयोजकांना मी म्हटलं होतं, या प्रश्नानं भल्याभल्यांना घाम फोडलाय, दुसरा काही विषय द्या. पण पत्रिका छापून झाल्या होत्या. तेव्हा आज मी तुमच्यासमोर या प्रश्नाचीच जरा तक्रार करणार आहे.

तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या पोळ्याच्या दिवशी इतवारीत गर्दीत उभं राहिलेलं इथं कोण नाही? मारबत म्हणजे गावाची इडापीडा घेऊन जाणारा मिरवणुकीतला मोठा पुतळा. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. मागोमाग बडगे, म्हणजे त्या त्या वर्षीच्या पीडेचे पुतळे. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद, कापड, रंग. आणि शेवटी सगळं जाळायचं. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, ज्या वर्षी जे डोक्यावर बसलं असेल त्याचा. ‘इडापीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ असा गजर चाललेला असतो आणि त्या गोंधळात लोक बारीक परीक्षण करत असतात. ‘यंदाचा नुसता मोठा आहे बाप्पा, मजा नाही.’ ‘पाटी वाचल्याशिवाय कोण आहे तेच कळत नाही.’ हे दुसरं वाक्य नीट ऐका. बडग्या म्हणजे चालतं व्यंगचित्र. ते चौकातून पुढं सरकेपर्यंत माणसाला कळलं पाहिजे आणि हसू आलं पाहिजे. पाटी वाचावी लागली तर तो फसला. इतका स्वच्छ निकष मला पुष्कळ प्रदर्शनांच्या पुस्तिकांत सापडलेला नाही. आणि निकष लावणाऱ्या त्या माणसाला ‘ही कला आहे का’ असा प्रश्न पडलेला नसतो. त्याचं त्यावाचून काही अडत नाही.

मग हा प्रश्न अडतो कुणाचं? कस्टमवाल्यांचं. ही थट्टा नाही, खरंच घडलंय. १९२६ साली ब्रांकुसी या शिल्पकाराचं एक शिल्प बोटीनं न्यूयॉर्कला उतरलं. नाव ‘अवकाशातला पक्षी’. ब्राँझचं, उंच, निमुळतं, आरशासारखं घासलेलं. पंख नाहीत, चोच नाही. अमेरिकेत मूळ कलाकृतीवर जकात नव्हती. अधिकाऱ्यांनी हे धूड फिरवून फिरवून पाहिलं आणि स्वयंपाकघरातली भांडी व दवाखान्याचं सामान या सदरात टाकून चाळीस टक्के जकात लावली. प्रकरण कोर्टात गेलं. आधीच्या एका निकालानुसार शिल्प म्हणजे निसर्गातल्या वस्तूचं अनुकरण. मग साक्षी झाल्या. शिल्पाचे मालक छायाचित्रकार स्टायकेन. त्यांना विचारलं, हा पक्षी रानात दिसला तर तुम्ही त्याच्यावर गोळी झाडाल का? ते म्हणाले, नाही. एपस्टाइन या शिल्पकाराला विचारलं, चांगला कारागीर हे बनवू शकणार नाही का? त्यांचं उत्तर असं, की कारागीर ते घासून चकचकीत करील, पण ते त्याला सुचणार नाही.

१९२८ मध्ये निकाल ब्रांकुसीच्या बाजूनं लागला. न्यायाधीशांनी म्हटलं, अमूर्त कल्पना मांडणारा कलेचा एक नवा पंथ निघालाय. आम्हाला तो पटो न पटो, त्याची दखल घ्यावी लागेल. निकाल शहाणपणाचाच आहे. पण कोर्टानं ठरवलं काय? जकात लागणार नाही, एवढंच. तो पक्षी चांगला आहे का, ब्रांकुसीच्याच दुसऱ्या पक्ष्यांपेक्षा सरस की उणा, हे कोर्टाच्या कामाचं नव्हतं. ‘ही कला आहे का’ हा नाक्यावरचा प्रश्न आहे. आत सोडायचं की नाही, एवढंच त्यानं कळतं. आपण मात्र तो विचारतो आणि समजतो की परीक्षण झालं.

नाके आपल्याकडेही आहेत. आपला अजब बंगला, म्हणजे नागपूरचं वस्तुसंग्रहालय घ्या, १८६३ सालापासूनचं. तिथं एका दालनात चित्रं, दुसऱ्यात आदिवासी जीवनाच्या वस्तू. चित्राखाली चित्रकाराचं नाव शोधायचं, लाकडी कोरीव वस्तूखाली जमातीचं. एकाकडं पाहताना आपण रंग, रेषा बोलतो, दुसरीकडं चालीरीती. असं जगभरच्या संग्रहालयांत होत आलंय. पण यात कोरणाऱ्याचा हात चांगला होता की सामान्य, हा प्रश्नच विचारायचा राहून जातो.

चित्रकार जनगढ सिंह श्याम यांची गोष्ट म्हणून महत्त्वाची. ते मध्य प्रदेशातल्या पाटनगढचे परधान गोंड. परधान म्हणजे बाना हे तंतुवाद्य वाजवून गोंडांच्या देवांच्या, राजांच्या कथा गाणारे. भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रासाठी चित्रकार जगदीश स्वामीनाथन गावोगाव माणसं पाठवून कलाकार शोधत होते, त्यात हा तरुण सापडला. १९८२ साली भारत भवन उघडलं तेव्हा स्वामीनाथन यांनी आदिवासी आणि आधुनिक चित्रकार एकाच छताखाली मांडले. १९८९ मध्ये जनगढ पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात पोचले. आज सगळे ‘गोंड कला’ म्हणतात. मला त्यात एक खुपतं. त्यांच्या बारीक ठिपक्यांत आणि रेघांत जी हिंमत आहे ती जमातीच्या खात्यावर जमा करून आपण मोकळे होतो. त्यांच्यानंतर त्या पद्धतीनं काढलेली सगळीच चित्रं चांगली नाहीत. काही निव्वळ ठिपके भरलेले आहेत. हे म्हणायला लोक बिचकतात, जणू तो जमातीचा अपमान होईल. मला वाटतं, न म्हणणं हाच अपमान आहे.

आता कुणीतरी उठून म्हणेल, साहेब, ज्याची त्याची आवड. हे वाक्य मला मुळीच आवडत नाही. चित्रसूत्रात, म्हणजे विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रकलेच्या भागात, एक श्लोक आहे: ‘रेखां प्रशंसन्त्याचार्या वर्तनां च विचक्षणाः। स्त्रियो भूषणमिच्छन्ति वर्णाढ्यमितरे जनाः।’ आचार्य रेषेला दाद देतात, जाणकार छायेच्या कामाला, बायकांना दागिने हवेत आणि बाकीच्यांना भडक रंग. बायकांविषयीचा भाग त्या शास्त्रकाराजवळच राहू द्या; समोर बसलेल्या ताई हसताहेत, त्यांचं बरोबर आहे. पण त्यात एक गोष्ट पक्की सांगितलीय. एकाच चित्रात निरनिराळे लोक निरनिराळ्या गोष्टी पाहतात आणि त्या साऱ्या चित्रात खरोखर असतात. आवड वेगळी म्हणजे डोळे कुठं थांबले ते वेगळं. डोळे आणखी कुठं थांबवायचे, हे शिकता येतं. चितार ओळीत मूर्ती घ्यायला गेलेला माणूस आधी रंग बघतो. पोरं मूर्तीची उंची बघतात. कारागीर मात्र मूर्तीचे डोळे बघतो, कारण डोळ्यांत हात चुकला की बाकीची मेहनत पाण्यात. त्या गल्लीत दरवर्षी जाणारा गिऱ्हाईकही हळूहळू डोळ्यांपाशी थांबायला लागतो.

झाडीपट्टीचं, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याचं नाटक हे माझं आवडतं उदाहरण. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावजत्रा सुरू झाल्या की वडश्याच्या कंपन्या गावोगाव फिरतात, रात्रभर प्रयोग चालतो. नागपूरच्या सभागृहात खुर्चीवर बसून नाटक बघणारे आपण म्हणतो, फार ओरडतात हो. अरे, ओरडणार नाही तर काय! मांडवात माणसं दूरवर पसरलेली, मागं शंकरपटाहून, बैलांच्या शर्यतीहून आलेली मंडळी दमलेली, थंडी पडलेली. त्या नटाला शेवटच्या रांगेतल्या माणसाला पहाटेपर्यंत जागं ठेवायचंय. आवाज मोठा आहे हा दोष नाही. मोठ्या आवाजात एकच सूर लागला, रडणं आणि रागावणं सारखंच ऐकू आलं, तर तो दोष. तिथला प्रेक्षक हा फरक बरोबर ओळखतो. पसंत पडलं तर बक्षिसाची नोट मंचावर येते, नाही पडलं तर मांडवातच गप्पा सुरू होतात. २०२३ साली परशुराम खुणे यांना याच रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा इकडच्या काही जणांनी झाडीपट्टीला ‘कला’ म्हणायला सुरुवात केली. आनंद आहे. पण मुद्रा उमटल्यावर दाद देणं हे पुन्हा नाक्यावरचंच काम.

नावाची मोहिनी केवढी असते पाहा. १९३७ मध्ये नेदरलँड्समध्ये व्हर्मीर या सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराचं म्हणून एक चित्र पुढं आलं. मोठ्या तज्ज्ञानं डोक्यावर घेतलं, रॉटरडॅमच्या संग्रहालयात ते लागलं. १९४५ मध्ये व्हॅन मेगेरन नावाच्या चित्रकारानं कबूल केलं, ते माझं. चित्रातला एक ठिपकाही बदलला नव्हता, तरी एकाएकी त्यातले जड पापण्यांचे चेहरे सगळ्यांना खटकू लागले. ते चेहरे आधीही तसेच होते.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदी सजावट स्पर्धेला तुमच्यापैकी कुणाला ना कुणाला परीक्षक म्हणून बोलावतातच. तिथं सर्वांत उंच नंदीला किंवा सर्वांत महागडा फेटा बांधलेल्या पोराला बक्षीस जातं, हे आपण बघतो. पुढच्या खेपेला गुणपत्रिकेवरचा ‘भव्यता’ हा रकाना काढायला सांगा. त्याऐवजी बैलाची मान बघा, वशिंड बघा, चाकावर ओढताना तो डुलतो की नुसता घरंगळतो ते बघा. आणि निकाल सांगताना कारणही सांगा. दुसऱ्या नंबरच्या पोराची आई भांडायला येईल. येऊ द्या, तिला नंदीजवळ घेऊन जा आणि तिथं उभं राहून भांडा.