पेटीवरचा नंबर

(दृश्य: पहाट. देवगडजवळची आंब्याची शेड. पेंढा, पेट्या, कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप.)

एप्रिल महिना. मुंबईचा टेम्पो दारात उभा आहे आणि पेट्या बांधणाऱ्या बायकांच्या हातांना उसंत नाही. प्रत्येक पेटीवर लेबल, लेबलावर नंबर. हा नंबर डेटाबेस स्वतः देतो, पण नोंद सेव्ह झाल्यावर. लेबल मात्र आधी हवं. म्हणून इथल्या मुलानं सोपी वाट काढली: डेटाबेसच्या तक्त्यातला सर्वांत मोठा आयडी, म्हणजे नोंदीचा नंबर, बघायचा, त्यात एक मिळवायचा आणि छापायचं.

लॅपटॉप एकच होता, तोवर निभावलं. दुसरा आला आणि दोघांनी एकाच क्षणी पाहिलं. दोघांना ४२१७ दिसला, दोघांनी ४२१८ छापला. डेटाबेसनं मात्र एकाला ४२१८ दिला, दुसऱ्याला ४२१९. पुण्याची पेटी नाशिकला गेली.

(दृश्य: वहीतल्या आकड्यांवरून फिरणारं बोट.)

दुसऱ्या दिवशी ४२३० सापडेना. बागायतदार काका घाबरले, "पेटी खय गेली रे?"

"पेटी खय जावक नाय, काकानू. नंबर गेलो."

खरंच तसं होतं. नोंद होता होता नेट तुटलं, ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं, म्हणजे अर्धवट नोंद रद्द झाली. पण एकदा दिलेला नंबर पोस्टग्रेस या इथल्या डेटाबेसची सीक्वेन्स, म्हणजे ओळीनं नंबर देणारी सोय, परत घेत नाही. घ्यायचा ठरवला, तर पहिल्याचं काम पुरं होईपर्यंत मागच्या सगळ्यांना ताटकळावं लागेल. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्येही असे खड्डे पडतात. एसक्यूएल सर्व्हर हा आणखी एक डेटाबेस अचानक बंद पडला, तर आयडी एकदम हजारानं पुढे गेलेला दिसू शकतो. आयडी म्हणजे पेट्यांची मोजदाद नव्हे, हे काकांना पटवायला अख्खी दुपार गेली. ती वेळ सत्कारणी लागली असं आम्हाला वाटतं, कारण हिशेबातला संशय माणसांवर जातो.

(दृश्य: प्रिंटरमधून सरकणारं लेबल.)

आता इथे अंदाज बांधत नाहीत. नोंद घालतानाच 'रिटर्निंग' लिहिलं की पोस्टग्रेस त्याच नोंदीचा आयडी हातात देतो. मायएसक्यूएल असता, तर 'लास्ट इन्सर्ट आयडी' विचारला असता. तो आपल्याच कनेक्शनपुरता असतो, शेजारच्या लॅपटॉपचा त्यात मिसळत नाही. आणि लेबल आधीच छापायचं असेल, तर 'नेक्स्टव्हॅल'नं सीक्वेन्सकडून नंबर रीतसर मागून घ्यायचा आणि तोच नोंदीत घालायचा. तो मग दुसऱ्या कुणाला मिळत नाही.

४३०२. लेबल चिकटलं, सुतळी आवळली. टेम्पो नांदगाव तिठ्याकडे निघाला.