करिंथच्या घरातली अन्य भाषा

[दृश्य: अपोलोच्या मंदिराचे सात खांब, पहाट]

येशूचा प्रेषित पौल याने हे खांब पाहिले तेव्हाच ते जवळजवळ सहाशे वर्षांचे होते.

प्राचीन करिंथ. ग्रीसमधलं दोन बंदरांचं शहर. लेखियोनला पश्चिमेची जहाजं लागायची, किंख्रियाला पूर्वेची. सरकारी शिलालेख लॅटिनमध्ये, बाजार ग्रीकमध्ये. परकी भाषा कानावर पडली म्हणून इथे कुणी वळूनही पाहत नसे. पण इ.स. ५० नंतर इथल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत प्रार्थनेच्या वेळी जी भाषा उमटू लागली, ती कुठल्याच बंदरावरची नव्हती. तिलाच ‘अन्य भाषा’ म्हणतात: आत्म्याच्या प्रेरणेने उमटणारी, बोलणाऱ्यालाही न कळणारी वाणी.

[दृश्य: घराचं जोतं, मोझेकची फरशी]

मंडळीला मंदिर नव्हतं. ज्याचं घर मोठं त्याच्याकडे जमायचं. अनाप्लोगा भागात उत्खननात निघालेलं हे रोमन काळातलं घर पाहा. जेवणाची खोली ७.५ मीटर लांब, ५.५ रुंद. चौक ६ बाय ५. चाळीस माणसं आली की दाटी. एवढ्याशा जागेत एकाला पवित्र आत्म्याची प्रेरणा व्हायची, लगेच शेजारच्याला, मग सगळे एकदम. दारातून नवखा डोकावला तर त्याला वाटणार, ही माणसं वेडी झाली आहेत.

यरुशलेममध्ये पन्नासाव्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणाच्या दिवशी, घडलं ते वेगळं. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पंधरा प्रदेशांची आणि लोकांची नावं येतात, आणि प्रत्येकाला आपापली बोली ऐकू आली. करिंथमध्ये कुणालाच काही कळत नव्हतं. तरी बोलणाऱ्यासाठी ती खरी प्रार्थना होती. पौलाच्या शब्दांत, तो माणसांशी नाही, देवाशी बोलतो. त्याचा आत्मा प्रार्थना करतो, बुद्धी मात्र रिकामी राहते. ज्या शहरात वक्तृत्वाला मान होता, तिथे न शिकलेल्यालाही देवापुढे वाणी फुटली. हे दान लहान नव्हतं.

[दृश्य: पपायरसचं पान, अगदी जवळून]

पौलाच्या पत्रांची ही नक्कल इ.स. २०० च्या सुमाराची. अक्षरं सलग, दोन शब्दांमध्ये जागाच नाही. वाचणाऱ्याने मोठ्याने वाचत शब्द सोडवायचे, तेव्हा मंडळीला अर्थ लागायचा.

पौलाने इफिसहून करिंथच्या मंडळीला पाठवलेल्या पत्राच्या (करिंथकरांस पहिले पत्र) चौदाव्या अध्यायात सभेची रीतच घालून दिली आहे. अन्य भाषेत दोघांनी बोलावं, फार तर तिघांनी. एकदम नाही, पाळीपाळीने. एकाने अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर सभेत गप्प राहावं, मनातल्या मनात देवाशी बोलावं. कारण अगदी साधं आहे: शेजारच्याला काय बोललं ते कळलंच नाही, तर तो ‘आमेन’ कशाला म्हणेल? तुतारीचा सूर अस्पष्ट निघाला तर लढाईला कोण उभा राहील? दहा हजार अनाकलनीय शब्दांपेक्षा समजणारे पाच बरे, असं लिहिणारा पौल त्याच अध्यायात सांगतो की तो स्वतः सगळ्यांहून अधिक अन्य भाषांत बोलतो. आणि शेवटी बजावतो: मनाई करू नका.

ही शेवटाकडची ओळ गाळून हा अध्याय वाचणं म्हणजे अर्धंच पत्र वाचणं.

[दृश्य: लेखियोनचा फरसबंद रस्ता, मग पुणे जिल्ह्यातलं केडगाव]

दुसऱ्या शतकात इरेनियस हा बिशप या दानाची साक्ष देतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिसोस्तोम या धर्मोपदेशकाला ते थांबलेलं दिसतं. १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन, म्हणजे श्रद्धेची नवी जागृती, आलं, आणि लवकरच तिथल्या मुली अन्य भाषांत प्रार्थना करू लागल्या.