नैरोबीहून गेलेल्या पेट्या

श्रोतेहो, नमस्कार.

१२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. त्या सोहळ्याच्या आधी, फारसा गाजावाजा होऊ न देता, नैरोबीहून सुमारे ३०० पेट्या विमानाने लंडनला रवाना झाल्या होत्या. त्यांत सुमारे १,५०० फायली होत्या. नव्या सरकारला सचिवालयाची इमारत मिळाली, टेबले-खुर्च्या मिळाल्या, दफ्तर मात्र निवडून उरलेले मिळाले.

ही निवड कोणा अधिकाऱ्याच्या मनात आले म्हणून झालेली नव्हती. ब्रिटिश वसाहतमंत्री इयन मॅक्लाउड यांनी १९६१ साली सर्व वसाहतींना तशा लेखी सूचनाच धाडल्या होत्या. ज्या कागदांमुळे ब्रिटिश सरकारची अडचण होईल, पोलिसांची, लष्कराची किंवा त्यांच्या खबऱ्यांची नावे उघड होतील, असे कागद उत्तराधिकारी सरकारच्या हाती पडू द्यायचे नव्हते. अशा फायलींवर ‘वॉच’ या शब्दाचे आद्याक्षर उमटवले जाई आणि त्या हाताळण्याची मुभा केवळ युरोपीय वंशाच्या ब्रिटिश प्रजाजनांना असे. म्हणजे ज्या देशाचा कारभार त्या कागदांत नोंदलेला होता, त्या देशातल्या कारकुनाने त्यांना हातही लावायचा नव्हता. काढून घेतलेल्या फायलीची रिकामी जागा डोळ्यांत भरू नये म्हणून तिथे बनावट फाइल ठेवण्याचीही सोय होती. जाळायचे झाले तर कागदांची पुरती राख करून ती राखही मोडून टाकावी, आणि समुद्रात बुडवायचे झाले तर जड वजन बांधलेली खोकी किनाऱ्यापासून शक्य तितक्या दूर, खोल आणि प्रवाह नसलेल्या पाण्यात सोडावीत, इतका बारकावा त्या सूचनांत आहे. एवढे करून नष्ट केलेल्या कागदांचे दाखले मात्र रीतसर तयार करायचे होते. जाळल्याचीही नोंद ठेवल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, अशा कारभाराचा हा स्वभावच पुढे इतिहासकारांच्या कामी आला.

दफ्तर ज्याच्या हाती त्याचा शब्द अखेरचा, हे आपल्याला नवे नाही. १८१८ नंतर पेशवे दफ्तर कंपनी सरकारच्या ताब्यात गेले आणि इनामदारांच्या हक्कांचा निवाडा त्याच कागदांवरून होऊ लागला. तिथे निदान कागद पुण्यात राहिले. केनियाने १९६७ साली आपले कागद परत मागितले, तेव्हा ती ब्रिटिश सरकारची मालमत्ता आहे, अशी लंडनची भूमिका राहिली.

पुढे, माउ माउ उठावाच्या, म्हणजे १९५०च्या दशकात केनियात ब्रिटिश सत्तेविरुद्ध झालेल्या बंडाच्या काळात छळ सोसलेल्या वृद्ध केनियन नागरिकांनी २००९ साली लंडनच्या न्यायालयात दावा दाखल केला, आणि त्या दाव्याच्या ओघात, २०११ साली, बकिंगहॅमशायरमधल्या हॅन्सलोप पार्क या सरकारी आवारात ३७ माजी वसाहतींच्या सुमारे ८,८०० फायली पडून असल्याचे सरकारला कबूल करावे लागले. जून २०१३ मध्ये परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी संसदेत खेद व्यक्त केला आणि ५,२२८ दावेदारांसाठी १ कोटी ९९ लाख पौंडांची तडजोड जाहीर केली. फायली टप्प्याटप्प्याने लंडनमधल्या क्यू येथील ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात खुल्या झाल्या.

नवस्वतंत्र राष्ट्रांना त्यांच्या भूमीचे दफ्तर मिळावे, असे सांगणारा करार १९८३ साली व्हिएन्नात झाला खरा. पण पुरेशा राष्ट्रांनी मान्यता न दिल्याने तो अजून अमलातच आलेला नाही. ज्यांच्या कपाटांत कागद आहेत, त्यांनी त्यावर सही करण्याची घाई का करावी?

तेव्हा एका राजधानीतून गेलेला कागद दुसऱ्या राजधानीत शोधावा लागतो. औंध संस्थानचे राजपुत्र अप्पासाहेब पंत १९४८ ते १९५४ या काळात नैरोबीत भारताचे आयुक्त होते. आफ्रिकी नेत्यांशी त्यांची जवळीक वसाहत सरकारला इतकी खुपली, की त्यांना तिथून हलवावे असा लकडा दिल्लीमागे लागला. स्वातंत्र्यापूर्वीच्या त्या वर्षांत नैरोबीत काय शिजत होते, हे राज्यकर्त्यांच्या नव्हे तर पाहुण्याच्या नजरेने पाहायचे असेल, तर केनियाच्या अभ्यासकाला दिल्लीत तीन मूर्ती भवनाच्या संग्रहात यावे लागते. तिथे पंतांचे कागद आहेत.