वेरनात्साचे गडगे

इटलीच्या लिगुरिया प्रांतात, डोंगराच्या घळीत आणि समुद्राच्या अगदी काठावर वसलेले हे वेरनात्सा. चिंक्वे तेर्रे, म्हणजे 'पाच गावे', या नावाने ओळखल्या जाणाऱ्या किनारपट्टीतील हे एक गाव. खडकावर दोरिया किल्ल्याचा गोल बुरूज, खाली होड्यांचे चिमुकले बंदर आणि पाण्याला लागूनच अष्टकोनी घंटाघराचे सांता मार्गेरिताचे चर्च. १८७४ साली रेल्वे येईपर्यंत इथे पोहोचायचे ते समुद्रातून, नाहीतर खेचरांच्या पायवाटेने.

आता थोडे वर पाहू. घरांची छपरे संपतात तिथून थेट माथ्यापर्यंत ज्या आडव्या रेघा दिसतात, त्या निसर्गाने ओढलेल्या नाहीत. सुमारे हजार वर्षे इथल्या शेतकऱ्यांनी उभ्या कड्याला पायऱ्या पाडल्या आणि प्रत्येक पायरीला दगडी बांध घातला. चुना नाही, सिमेंट नाही. कोकणात ज्याला आपण गडगा म्हणतो, तीच ही रचना.

गडगा कसा उभा राहतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. आधी घट्ट थर लागेपर्यंत माती उकरतात आणि सर्वांत मोठे दगड तळाशी बसवतात. वरचा प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर यावा लागतो, आणि संपूर्ण भिंत किंचित डोंगराकडे कललेली ठेवावी लागते. हा गवंडी हातातला वालुकाश्म तीनदा फिरवून पाहतो, हातोडीने एक कोपरा उडवतो, तो बसवून तळव्याने हलवून बघतो आणि डगमगला तर फटीत चीप ठोकतो. भिंतीच्या पाठीमागे बारीक दगडांची भर घालतात. खरी करामत त्या न दिसणाऱ्या भरीतच आहे, कारण पावसाचे पाणी तिच्यातून झिरपते, मातीत तुंबत नाही आणि भिंतीवर दाब येत नाही. भर मातीने बुजली की गडग्याला पोट सुटते, आणि वेळीच तो उतरवून पुन्हा रचला नाही तर एका पावसाळ्यात कोसळतो.

या पायऱ्यांवर बोस्को, अल्बारोला आणि वेरमेंतिनो या जातींची द्राक्षे पिकतात. घड सावलीत सुकवून त्यांपासून शाक्केत्रा ही गोड वाइन करतात. तोडणीच्या दिवसांत भरलेले क्रेट एकाच रुळावरून चढणाऱ्या-उतरणाऱ्या दातेरी गाडीने खाली येतात. पूर्वी हे ओझे माणसांच्या डोक्या-खांद्यावर असे.

१९९७ मध्ये युनेस्कोने हा प्रदेश जागतिक वारसा ठरवला, १९९९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, आणि २०१८ मध्ये इटलीसह आठ देशांतील कोरड्या दगडकामाच्या कौशल्यालाही युनेस्कोची मान्यता मिळाली. मान्यता आली, पण दगड उचलणारे हात कमी होत गेले आणि अनेक मळे ओस पडले. २५ ऑक्टोबर २०११ च्या अतिवृष्टीत चिखल-दगडांचा लोंढा मुख्य रस्त्यावरून बंदरापर्यंत आला आणि गावातील तिघांचा बळी गेला. नंतरच्या अभ्यासात दरडींचा सर्वाधिक धोका अलीकडेच सोडून दिलेल्या पायऱ्यांवर आढळला.

खाली शेवटची बोट पर्यटकांना घेऊन निघाली आहे. वर मळ्यात, ढासळलेल्या बांधाचे दगड आकारानुसार वेगळे करून ठेवले आहेत: मोठे पायथ्याशी, मधले हाताशी, आणि चिपा एका जुन्या बादलीत.