पुढचा नंबर विलीचा

नमस्कार श्रोतेहो.

मे १९५१. अमेरिकेच्या आयोवा राज्यातलं सू सिटी हे शहर. तिथल्या एका थिएटरात सिनेमा चालू असताना मध्येच दिवे लागले आणि एका माणसाने पुढे येऊन जाहीर केलं, "विली मेज इथे असतील तर त्यांनी ताबडतोब हॉटेलवर जाऊन आपल्या मॅनेजरला भेटावं." प्रेक्षकांत बसलेला वीस वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा उठला आणि बाहेर पडला. न्यूयॉर्क जायंट्स या बेसबॉलच्या मोठ्या संघाने त्याला बोलावलं होतं.

आणि त्याने फोनवर सांगितलं, मला नाही यायचं.

आज मला तुम्हाला या मुलाच्या पहिल्या हंगामाबद्दल सांगायचं आहे. पुढे विली मेज बेसबॉलच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूंपैकी एक ठरला. कारकिर्दीत त्याने ६६० होम रन, म्हणजे चेंडू थेट सीमेपलीकडे धाडणारे फटके, मारले, आणि १८ जून २०२४ रोजी तो गेला तेव्हा ९३ वर्षांचा होता. पण मला ओढ आहे ती १९५१च्या विलीची. कारण त्या विलीला आपण कोण आहोत हे अजून ठाऊक नव्हतं.

विली तेव्हा मिनिआपोलिस मिलर्स या संघात होता. हा जायंट्सचा खालच्या पायरीवरचा संघ. तिथे ३५ सामन्यांत त्याची सरासरी होती .४७७. हा आकडा जरा उलगडून सांगायला हवा. बेसबॉलमध्ये सरासरी धावांची नसते. फलंदाजाने चेंडू मारून सुखरूप बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा थांबा, किती वेळा गाठला, त्याचं ते प्रमाण. असा यशस्वी फटका म्हणजे हिट. १०० संधींत ३० वेळा ज्याला हे जमतं त्याला उत्तम फलंदाज म्हणतात. विलीला १०० मध्ये जवळजवळ ४८ वेळा जमत होतं. मिनिआपोलिसचे लोक त्याच्यावर इतके खूश होते की जायंट्सचे मालक हॉरेस स्टोनहॅम यांनी तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, तुमचा खेळाडू आम्ही नेतोय, समजून घ्या, अशी विनवणी केली.

तरीही मुलगा म्हणत होता, मला तिथलं पिचिंग, म्हणजे गोलंदाजी, झेपणार नाही. फोनच्या दुसऱ्या टोकाला होते जायंट्सचे मॅनेजर लिओ ड्युरोशर, तोंडाचे फटकळ म्हणून ख्यात. त्यांनी विचारलं, तिथे तुझी सरासरी किती? विलीने सांगितली. मग इथे माझ्यासाठी .२५० जमेल का? एवढं तर जमेल, असं विलीला वाटलं, आणि तो निघाला.

ही भीती कुठून आली असेल? विलीचा जन्म अलाबामातला, ६ मे १९३१ चा. वडील पोलादाच्या कारखान्यांच्या परिसरात काम करणारे आणि कामगारांच्या संघांत बेसबॉल खेळणारे. विली शाळेत असतानाच बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्स या संघाकडून खेळू लागला. हा संघ कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमधला, कारण गोऱ्यांच्या लीगचे दरवाजे त्यांना बंद होते. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूने १९४७ मध्ये ते उघडले खरे, पण १९५१ मध्येही मेजर लीगच्या, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीवरच्या, १६ संघांपैकी बहुतेकांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९५० च्या जूनमध्ये जायंट्सच्या ट्रेंटन इथल्या संघातून विली पहिल्यांदा खेळला तो मेरीलँडमधल्या हेगर्सटाउन गावी. संघ उतरला एका हॉटेलात आणि विलीला मात्र गावाच्या दुसऱ्या भागात, कृष्णवर्णीयांच्या हॉटेलात पाठवण्यात आलं. त्या रात्री संघातले तीन गोरे सोबती खिडकीतून त्याच्या खोलीत शिरले आणि जमिनीवर झोपले. मुलगा एकटा राहू नये म्हणून. त्यांना मी मनोमन नमस्कार करतो.

२५ मे १९५१. फिलाडेल्फियाचं शाइब पार्क. विलीचा पहिला सामना. पाच वेळा फलंदाजीला आला, पाचही वेळा बाद. दुसऱ्या सामन्यात काही नाही. तिसऱ्यात काही नाही. बारा संधी, बारा अपयशं.

मग संघ घरी आला, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर. २८ मेच्या रात्री समोर वॉरन स्पॅन हा त्या काळचा नामांकित डावखुरा पिचर. नऊ डावांपैकी पहिल्याच डावात विलीने त्याचा चेंडू डावीकडच्या प्रेक्षागृहाच्या छपरावरून बाहेर भिरकावला. पहिला हिट, आणि तो थेट होम रन. स्पॅन पुढे म्हणत असे की त्या रात्री मी त्याला बाद केलं असतं तर कदाचित विली कायमचा परत गेला असता, आणि आम्ही सगळे पिचर सुटलो असतो.

इथून गाडी सुरळीत धावली असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यानंतर पुन्हा तेच. २६ संधींत तो एकच हिट. एका सामन्यानंतर विली आपल्या कपाटासमोर बसून रडत होता. साहाय्यक प्रशिक्षकांनी ड्युरोशरना बोलावून आणलं. विली म्हणाला, मला मिनिआपोलिसला परत पाठवा. मला इथे जमत नाही.

ड्युरोशरनी दिलेलं उत्तर बेसबॉलच्या लोकांना पाठ आहे. मी इथे मॅनेजर आहे तोवर सेंटर फील्डला, म्हणजे फलंदाजासमोरच्या दूरच्या मधल्या जागी, तूच खेळणार. उद्या, पुढच्या आठवड्यात, पुढच्या महिन्यात. फलंदाजीच्या क्रमात त्याला आठव्या जागी नेलं, म्हणजे डोक्यावरचं ओझं हलकं होईल. आणि आणखी एक गोष्ट सांगितली, पँट जरा वर ओढ. विली पँट फार खाली नेसायचा, त्यामुळे पंचांना त्याचे गुडघे खाली भासत आणि खालचे चेंडूही ते वैध ठरवत. धीर द्यायचा तो द्यायचाच, पण सोबत असं काहीतरी हातात द्यायचं की मुलाला उद्या सकाळी करण्यासारखं काही असेल. मला हे फार आवडतं.

पण ड्युरोशर भाबडे मुळीच नव्हते. २६ मध्ये १ असा हिशेब असलेल्या पोराला त्यांनी ठेवलं, कारण ते त्याला फक्त बॅट हातात असताना पाहत नव्हते. पोलो ग्राउंड्सचा आकार घोड्याच्या नालासारखा होता. डावीकडची भिंत फलंदाजापासून २७९ फुटांवर, उजवीकडची २५८ फुटांवर आणि समोर, सेंटर फील्डला, ४८० फुटांहून जास्त. मीटरमध्ये सांगायचं तर जवळजवळ १४७. क्रिकेटची सीमारेषा नियमानुसार ९० यार्डांहून, म्हणजे ८२ मीटरहून, लांब असू शकत नाही. त्यावरून अंदाज करा. एवढं रान राखायला मध्यभागी एकच माणूस. चेंडू बॅटवर आदळल्याच्या आवाजावरून तो कुठे पडेल हे ओळखायचं, पाठ फिरवून धावायचं, झेल घ्यायचा आणि लगेच शंभर मीटरवरून अचूक फेकायचं. विलीला हे येत होतं. बॅट चालत नव्हती त्या आठवड्यांतही.

१५ ऑगस्टचा प्रसंग सांगतो. पोलो ग्राउंड्सवर ब्रुकलिन डॉजर्सविरुद्ध सामना, दोन्ही संघ न्यूयॉर्कचेच आणि वैर घराघरांतलं. आठवा डाव, बरोबरी १–१. डॉजर्सचा बिली कॉक्स तिसऱ्या बेसवर. झेल झाला तरी त्यानंतर त्याला होम प्लेटकडे, म्हणजे फलंदाज उभा असतो त्या जागेकडे, पळण्याची मुभा होती, आणि तो पोचला की धाव. कार्ल फुरिलोने उजव्या बाजूला उंच फटका मारला. विली आपल्या डावीकडे भरधाव धावला आणि झेल घेतला. आता तो उजव्या हाताने फेकणारा, धावण्याचा रोख होम प्लेटपासून लांब. थांबायचं, पाय रोवायचे, वळायचं, मग फेकायचं, एवढ्यात कॉक्स घरी पोचला असता. विली थांबलाच नाही. ज्या बाजूला धावत होता त्याच बाजूला त्याने भिंगरीसारखी पूर्ण गिरकी घेतली, क्षणभर त्याची पाठ होम प्लेटकडे होती, आणि गिरकीतून बाहेर येता येता चेंडू सोडला. तो सरळ होम प्लेटमागे यष्टिरक्षकासारखा बसणाऱ्या कॅचरच्या, वेस वेस्ट्रमच्या, हातात. कॉक्स बाद. डॉजर्सचे मॅनेजर चक ड्रेसेन म्हणाले, हे त्याने परत करून दाखवावं, मग मानीन. त्याच डावात आपल्या पाळीला विलीने हिट मारला, मागोमाग वेस्ट्रमने होम रन, आणि जायंट्स ३–१ ने जिंकले.

विली तेव्हा हार्लेममध्ये, मैदानापासून जवळच राहायचा आणि सामना संपवून घरी आला की रस्त्यात पोरांबरोबर खेळायचा. झाडूच्या दांड्याची बॅट, रबरी चेंडू. आपल्याकडच्या गल्ली क्रिकेटसारखंच हे, त्याला स्टिकबॉल म्हणतात. दुपारी पोलो ग्राउंड्सवर हजारो लोकांसमोर आणि संध्याकाळी गल्लीत दहा-बारा पोरांसमोर, एकाच जोशाने खेळणारा माणूस. खेळून झालं की पोरांना आइस्क्रीम.

त्या हंगामात विलीने १२१ सामन्यांत २० होम रन मारले, सरासरी .२७४, आणि नॅशनल लीगचा, म्हणजे मेजर लीगच्या दोन गटांपैकी जायंट्सच्या गटाचा, सर्वोत्तम नवोदित खेळाडू तोच ठरला. ड्युरोशरनी .२५० मागितली होती.

आता संघाचं सांगतो. ११ ऑगस्टला जायंट्स तक्त्यात डॉजर्सच्या साडेतेरा सामने मागे होते. हंगाम संपल्यात जमा होता. तिथून त्यांनी लागोपाठ १६ सामने जिंकले, शेवटच्या ४४ पैकी ३७ जिंकले आणि हंगामाच्या अखेरीस बरोबरी साधली. यात एक डागही आहे. सेंटर फील्डमागच्या खोलीतून दुर्बिणीने प्रतिस्पर्धी कॅचरच्या, कोणता चेंडू टाकायचा हे पिचरला सांगणाऱ्या, खुणा टिपून जायंट्स आपल्या फलंदाजांना इशारे देत असत, हे पन्नास वर्षांनी, २००१ मध्ये, उघड झालं. ज्यांना हा हंगाम प्रिय आहे त्यांना ते टोचतं. मलाही. पण विलीचा तो झेल आणि ती गिरकी कोणत्याही दुर्बिणीतून आलेली नव्हती.

बरोबरी झाल्यामुळे तीन सामने खेळून निकाल लावायचं ठरलं. पहिला जायंट्सनी जिंकला, दुसरा डॉजर्सनी १०–० ने. तिसरा ३ ऑक्टोबरला.

त्याआधी, तो सामना जायंट्सनी जिंकल्यानंतर काय झालं ते सांगून टाकतो, म्हणजे मग मोकळ्या मनाने त्या दुपारकडे येता येईल. वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे दोन्ही गटांच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत, जायंट्सची गाठ न्यूयॉर्क यांकीजशी पडली आणि ते ४–२ असे हरले. विलीने २२ पैकी ४ हिट मारले, म्हणजे फारच कमी. पण पहिल्या सामन्यात डावीकडे मॉन्टी अर्विन, मध्ये विली, उजवीकडे हँक थॉम्पसन असे तिघं उभे राहिले. वर्ल्ड सीरिजमध्ये संपूर्ण आउटफिल्ड, म्हणजे दूरवरचे तिन्ही क्षेत्ररक्षक, कृष्णवर्णीय खेळाडूंचं असण्याची ती पहिलीच वेळ. दुसऱ्या सामन्यात विलीचा फटका उजव्या-मधल्या भागात उडाला. तिथे यांकीजचा जो डिमॅजिओ होता, त्याचा तो अखेरचा हंगाम, आणि एकोणीस वर्षांचा मिकी मँटल, त्याचा पहिला. डिमॅजिओला वाट देताना मँटलचा पाय पाणी सोडायच्या झाकणात अडकला आणि गुडघा कायमचा दुखावला. एका फटक्याभोवती बेसबॉलचे तीन महान सेंटर फील्डर होते, आणि त्यातल्या दोघांची कारकीर्द नुकती सुरू झाली होती.

आता ३ ऑक्टोबर. नववा, शेवटचा डाव. जायंट्स ४–१ ने मागे. दोन हिट्स बसले, मग व्हाइटी लॉकमनच्या फटक्यावर एक धाव आली, ४–२. तिसऱ्या बेसवर घसरत आलेल्या डॉन म्यूलरचा घोटा दुखावला. त्याला बाहेर न्यावं लागलं. डॉजर्सनी पिचर बदलला, राल्फ ब्रँका आला. फलंदाज बॉबी थॉमसन. याच थॉमसनने दोन दिवसांपूर्वी याच ब्रँकाला होम रन मारला होता.

दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर धावपटू, पहिला मोकळा. अशा वेळी मॅनेजर पुष्कळदा फॉर्मातल्या फलंदाजाला मुद्दाम चालत पहिल्या बेसवर जाऊ देतात आणि पुढच्या, कच्च्या फलंदाजाला गाठतात. तसं केलं तर विजयाची धाव बेसवर येते, हा धोका. पण पुढचा फलंदाज पहिल्या हंगामातला, वीस वर्षांचा पोरगा होता.

पुढचा नंबर विलीचा होता.

बॅट घेऊन तो आपल्या जागी थांबला होता. त्याने नंतर अनेकदा कबूल केलं, मी मनात प्रार्थना करत होतो, देवा, माझ्यावर येऊ देऊ नकोस. ड्रेसेननी थॉमसनला चालवलं नाही. ब्रँकाने चेंडू टाकला.

त्या काळी रेडिओची प्रक्षेपणं जपून ठेवण्याची पद्धत नव्हती. पण जायंट्सचा चाहता असलेल्या एका श्रोत्याने कामावर जाताना आईला सांगून ठेवलं होतं की शेवटी शेवटी टेप सुरू कर. त्या आईने बटण दाबलं म्हणून निवेदक रस हॉजेस यांचा आवाज आज आपल्याकडे आहे. चेंडू डावीकडच्या भिंतीपलीकडे जातो आणि हॉजेस ओरडतात, जायंट्स जिंकले, आणि परत तेच, आणि परत, आणि परत. एकाच वाक्याचे चार घोष, मागे लोकांचा कल्लोळ.

ती ध्वनिफीत मी पुष्कळ वेळा ऐकली आहे. ऐकताना थॉमसन धावताना दिसतो, ब्रँका मान खाली घालून निघताना दिसतो. आणि दर वेळी माझं लक्ष त्या कल्लोळाच्या कडेला जातं. तिथे, होम प्लेटपासून काही पावलांवर, एक मुलगा उभा आहे. पँट वर ओढलेली, हातात बॅट. ती आज वापरावी लागली नाही.