गाडी विकली, पण विमा कुणाच्या नावावर?

श्रोतेहो, नमस्कार. जुनी गाडी विकताना आपण पैसे घेतो, किल्ली देतो, मालकी बदलासाठीच्या आरटीओच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करतो आणि सुटलो म्हणतो. फॉर्मवर तारखेची जागा मात्र कोरीच राहते. 'तारीख नंतर टाकू,' असं घेणाराच सांगतो, कारण बरेचदा त्याला गाडी स्वतःच्या नावावर न करता परस्पर पुढे विकायची असते. वादाचं मूळ तिथेच आहे.

मोटार वाहन कायदा, 1988 नुसार आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, ज्याचं नाव, तो मालक. गाडी हप्त्यांवर असेल तर करारानुसार जिच्या ताब्यात ती आहे, ती व्यक्ती मालक. कर्ज देणारी बँक नव्हे. पण स्टॅम्प पेपरवरच्या विक्रीच्या कराराने किंवा ताबा पावतीने नोंदणी बदलत नाही. एक गाडी अशीच या हातातून त्या हातात गेली होती, आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या पहिल्यावरच येते, असं 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं.

आता विमा. पॉलिसी एक असली तरी तिचे भाग दोन. थर्ड पार्टी म्हणजे रस्त्यावरच्या दुसऱ्याचं नुकसान; हा विमा याच कायद्याच्या कलम 157 नुसार गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र तसा आपोआप जात नाही. तो कंपनी आणि पॉलिसीधारक यांच्यातला करार आहे, आणि कंपनीने नव्या माणसाला स्वीकारल्याशिवाय त्याला त्यातलं काही मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे 1995 मध्येच स्पष्ट केलं आहे.

म्हणजे नाव बदलण्याआधी गाडी ठोकली, तर घेणाऱ्याला कंपनी म्हणते, 'तुमचा आमचा करार नाही.' विकणाऱ्याने क्लेम केला तर म्हणते, 'गाडी विकलीत, तुमचं नुकसान कुठे झालं?' 2020 मध्ये एका ट्रकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीकृत मालकाचा क्लेम मान्य केला खरा. पण तिथे ट्रकवर बँकेच्या कर्जाचा बोजा होता आणि बँकेची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, मिळालेली नव्हती. त्या निकालाच्या भरवशावर कुणी राहू नये.

अशा वेळी काही जण जुन्या मालकाच्याच नावाने क्लेम फॉर्म भरतात. हे अंगाशी येतं. वर्कशॉपचं जॉब कार्ड, म्हणजे दुरुस्तीची नोंद, कुणाच्या नावावर, एफआयआरमध्ये चालक काय म्हणाला, गाडी त्याच्याकडे कशी आली, हे नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर ताडून पाहतो. खोटी माहिती दिल्याचं निघालं, की क्लेम फेटाळायला वेगळं कारण लागत नाही.

यासाठी व्यवहाराच्या दिवशीच फॉर्मवर तारीख घाला. फॉर्म 30 वर चेसिस नंबरचा पेन्सिलने छाप घ्या. बोजा असेल तर आधी तो उतरवण्याचा फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने 30 दिवसांत. विमा कंपनीकडे अर्ज करायलाही घेणाऱ्याला 14 दिवसच आहेत. त्या अर्जात 'स्वतःच्या नुकसानीचा विमाही माझ्या नावावर करा' असं स्पष्ट लिहा आणि पोच घ्या.

नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सवलत, गाडीचा नसतो, माणसाचा असतो. विकणाऱ्याने कंपनीकडून बोनस राखल्याचं पत्र घ्यावं. ते 3 वर्षं चालतं. घेणाऱ्याला बोनसच्या सवलतीचा फरक भरावा लागतो. मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात संरक्षणही नाव बदलेपर्यंत त्याला मिळत नाही.

1 एप्रिल 2023 पासून आरटीओची मान्यता असलेल्या डीलरला गाडी देताना फॉर्म 29-सी ने आरटीओला कळवता येतं; त्यानंतर डीलर मालक समजला जातो. मालकाचं निधन झालं तर वारसाने 30 दिवसांत आरटीओला कळवावं. पॉलिसी निधनानंतर 3 महिने, किंवा मुदत आधी संपत असेल तर तोवरच, चालू राहते.

तरीही क्लेम नाकारला गेलाच, तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपाल, तिथली मुदत 1 वर्ष. किंवा ग्राहक आयोग, तिथली 2 वर्षं. सोबत आरसी, पॉलिसी, आरटीओची आणि विमा कंपनीची पोच जोडा. त्या पोचेवरची तारीख अपघाताच्या आधीची आहे ना, हेच तिथे सगळ्यात आधी पाहिलं जातं.