नियम नसणं आणि नियम न सापडणं

मागे आवाज येतोय ना? बरं. पत्रिकेत छापलंय की ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या, एकेक पात्र होऊन खेळायच्या खेळाचं नियमपुस्तक कसं मांडावं याची तीन सूत्रं मी सांगणार आहे. सांगणारच आहे. पण आधी तो कुस्तीतला पट काढायचा, म्हणजे पाय ओढून पाडायचा, किस्सा. पुढच्या रांगेने तो दोनदा ऐकलाय, त्यांनी चहा घेऊन यायला हरकत नाही.

कॉलेजात असताना एका मित्राच्या मामांनी अमेरिकेहून एक जुनं पुस्तक आणलं. या खेळाच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सचं, १९७९ चं ‘डन्जन मास्टर्स गाइड’. डन्जन मास्टर म्हणजे खेळ चालवणारा पंच. आम्हाला वाटलं, खेळ मिळाला! झेरॉक्स काढली, स्पायरल लावलं. जाणकार आत्ताच हसायला लागलेत. कारण ‘ॲडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची पुस्तकं तीन: राक्षसांचं १९७७ चं, खेळाडूंचं १९७८ चं आणि सगळ्यात शेवटी हे. योद्धा कसा घडवायचा, मांत्रिकाकडे मंत्र कोणते, हे सगळं खेळाडूंच्या पुस्तकात. आणि त्या योद्ध्याचा वार लागला की हुकला, ते तक्ते या पुस्तकात, जे खेळाडूंनी उघडूच नये अशी लेखकाची इच्छा! म्हणजे आमच्याकडे अक्षता होत्या, नवरदेव नव्हता.

सहा महिन्यांनी नवरदेव मिळाला आणि खेळ सुरू झाला. पंच मी. आमच्यातला एक कोल्हापूरकडचा, तालमीत वाढलेला. पहिल्याच रात्री खेळातल्या भुयारात गोब्लिन, म्हणजे एक छोटा राक्षस, समोर आला. बाकीच्यांनी तलवारी उपसल्या. हा पठ्ठ्या म्हणाला, ‘तलवार कशाला? पटच काढतो की त्याचा!’

आता आली का पंचाईत? मी पानं उलटायला लागलो. नियम होता बरं का! लढाईच्याच प्रकरणात, पण पार शेवटाकडे, आणि झेरॉक्सवाल्याने नेमकी तीच पानं उलटी लावलेली. वही उलटी धरून वाचलं. नुसत्या हाताने ठोसे मारणं, धरणं आणि अंगावर जाऊन पाडणं, तिन्हींचं गणित निराळं. एरवी वार लागला का ते वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. इथे तो खाली ठेवायचा आणि टक्के काढायचे. चिलखत बघा, चपळाई बघा, बेरीज करा, वजा करा. मग कमरेला मिठी बसली की मानेला, त्याचा वेगळा तक्ता. कोल्हापूरकर माझ्या खांद्यावरून वाचत होता. ‘ढाक न्हाई, धोबीपछाड न्हाई, ही काय कुस्ती म्हणायची व्हय?’ पाऊण तास गेला. दोघं जण भुर्जीपाव खाऊन परत आले, तरी गोब्लिन आपला तसाच उभा.

किती वाजले? पावणेआठ? अरे बापरे. आठला काका हॉलला कुलूप लावतात.

तर मुद्दा असा. लोक म्हणतात, जुन्या खेळांत नियम अपुरे असतात, पंच ठरवतो, तीच तर गंमत. एकदम मान्य. याच खेळाच्या १९७४ च्या मूळ डब्यात तीन लहान पुस्तिका होत्या. लढाईसाठी ‘चेनमेल’ हा आधीचा युद्धखेळ हाताशी असेल असं त्यांनी धरलेलं, आणि रानावनात भटकायला दुसऱ्याच कंपनीच्या ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या खेळाचा पट घ्या म्हणून सांगितलेलं. (हा पट वेगळा.) मधल्या फटी लोकांनी आपापल्या परीने बुजवल्या आणि त्यातूनच खेळ वाढला. पण नियम नसणं वेगळं आणि नियम न सापडणं वेगळं! नसेल तर मी दोन मिनिटांत सांगतो, ‘टाक फासा, तुझ्या ताकदीपेक्षा कमी आला तर पडला गोब्लिन.’ असून सापडत नसेल, तर पंचाचेच हात बांधलेले.

आता ती सूत्रं, पळत पळत. नियम ज्या क्रमाने लागतात त्या क्रमाने लिहा. याच खेळाचं नवशिक्यांसाठीचं, टॉम मोल्डव्हेचं १९८१ चं ‘बेसिक’ बघा, सगळं मिळून ६४ पानं. आधी पाळी कोणाची ते ठरवा. मग मनोधैर्य, हालचाल, नेमबाजी, मंत्र, हातघाई. एका यादीत लढाई संपली. त्या पानांना भोकंसुद्धा पाडलेली, पुढचं पुस्तक त्यातच ओवता यावं म्हणून. आमच्या झेरॉक्सवाल्याला दाखवायला हवं होतं. दुसरं, एक विषय एका जागी. गॅव्हिन नॉर्मनच्या २०१९ च्या ‘ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स’मध्ये नियम त्याच १९८१ चे आहेत, फक्त एकेक विषय समोरासमोरच्या दोन पानांत बसवलाय. भांडी तीच, मांडणी नवी.

तिसरं, एका शब्दाला एकच अर्थ. पात्राची लेव्हल, मंत्राची लेव्हल, राक्षसाची लेव्हल, भुयाराचीही लेव्हलच! गायगॅक्सना कळत नव्हतं असं नाही. पात्राला रँक, मंत्राला पॉवर, राक्षसाला ऑर्डर म्हणायचा विचार होता, पण लेव्हल रुळलाय म्हणून तोच ठेवला, असं १९७८ च्या पुस्तकात त्यांनीच लिहिलंय. औषध लिहून दिलं आणि चिठ्ठी स्वतःच्याच खिशात घातली.

काका दिवे घालवायला लागले. एकच प्रश्न घेतो. हां, तुम्ही. गोब्लिनचं काय झालं? टक्के निघाले, कोल्हापूरकराने फासे टाकले, हुकले. मग माझ्याकडे बघून म्हणाला, ‘आण ती तलवार.’